एसक्यूलाइटचं हँडल बंद होईना, क्लोज ५ परत देतं: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्राम. सी भाषा, एसक्यूलाइट (फाइलीत राहणारा डेटाबेस), वॅल मोड (नव्या नोंदी आधी शेजारच्या वॅल फाइलीत जातात). लक्षण: प्रोग्राम बंद करून डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर घेतली की कॉपीत ताज्या नोंदी नाहीत, मूळ फाइलशेजारी वॅल फाइल तशीच पडून. क्लोजचा (हँडल, म्हणजे डेटाबेसची उघडलेली जोडणी, बंद करणारं फंक्शन) रिटर्न कोड छापला तर ५, म्हणजे बिझी.

बिझी टाइमआउट वाढवून उपयोग नाही, तो लॉकसाठी असतो. क्लोज_व्ही२ने (क्लोजचीच दुसरी आवृत्ती) ० (यशस्वी) दिला, पण वॅल तिथेच. क्लोज_व्ही२ हँडल फक्त झाँबी करून ठेवतं, म्हणजे उरलेली स्टेटमेंट संपेपर्यंत ते खरं बंद होत नाही. डोकं पार उठलं होतं.

चाललं ते असं. क्लोजच्या आधी नेक्स्ट_एसटीएमटीला (उघडी राहिलेली स्टेटमेंट, म्हणजे तयार केलेल्या क्वेरी, एकेक करून देणारं फंक्शन) हँडल आणि नल (रिकामा पॉइंटर) द्या. मिळालेल्या स्टेटमेंटची क्वेरी लॉगमध्ये छापा, मग ते फायनलाइझ करा (मोकळं करून टाका), आणि पुन्हा नलपासूनच विचारा (फायनलाइझ झालेला पॉइंटर पुढे देऊ नका). नल परत आला की साधं क्लोज. ० आला आणि वॅल फाइलही गेली.

लॉगमध्ये सापडली रिपोर्टची क्वेरी: एकही ओळ नसली की फंक्शन मधूनच परतायचं, फायनलाइझ राहून जायचं. खरी दुरुस्ती तिथे केली. ब्लॉब (मोठा बायनरी डेटा) हँडल किंवा अर्धवट बॅकअप उघडा असेल तरी ५च येतो, आणि बॅकअप या फेरीत दिसत नाही. ओपन फसलं तरी मिळालेलं हँडल क्लोज करायचंच.