आयरिश पद्धतीने बटाटा लावताय? लेझी बेडच्या या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो, गॉलवे, डोनेगल भागात डोंगरउतारांवर जुन्या वाफ्यांचे पट्टे आजही दिसतात, तेच हे लेझी बेड. डब्लिन, कॉर्ककडचे आपले मराठी लोक बॅकयार्डात हे ट्राय करत असतील तर मस्तच, पण काही गोष्टी नीट समजून घ्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी सगळी जमीन खणून भुसभुशीत करणं. अहो, वाफ्याखाली खणायचंच नसतं! गवतावरच शेणखत नाहीतर समुद्री शेवाळ पसरायचं, त्यावर बियाण्याचे बटाटे ठेवायचे आणि मग दोन्ही बाजूंचा गवतासकट मातीचा थर कापून, गवत खाली येईल असा वाफ्यावर उलटायचा. वाफा साधारण तीन-चार फूट रुंद, बाजूला चर. गवत आत कुजून खत होतं आणि जास्तीचं पाणी चरातून निघून जातं, म्हणून तर तिथल्या ओल्या जमिनीत ही पद्धत एवढी टिकली. चर उताराच्या दिशेनेच काढा, आडवे काढलेत तर पाणी तुंबणार आणि कंद सडणार.

शेवाळ वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेलंच घ्या, खडकावरचं ओरबाडू नका. हिवाळ्यातच पसरून ठेवलं की पावसाने मीठ धुऊन जातं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या अॅरन बेटांवर लोकांनी उघड्या चुनखडीवर वाळू आणि शेवाळाचे थर देऊन देऊन माती तयार केली, मला या कष्टांचं फार म्हणजे फार कौतुक वाटतं. पण शेवाळात पालाश (पोटॅश) भरपूर असला तरी स्फुरद (फॉस्फरस) कमी, त्यामुळे सोबत कंपोस्ट हवंच.

१७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला बटाटा लावायची रीत आहे, पण माती गार आणि चिकट असेल तर थांबा. कोंब वर आल्यावर थंडीने काळे पडले तर झाड उपटू नका, मातीची भर द्या, बहुतेक वेळा परत फुटतं.

आता करपा, म्हणजे बटाट्याचा ब्लाइट रोग. १८४५ पासून याच रोगाने तिथलं पीक गेलं, गरिबांच्या शेतात बहुतेक लंपर ही एकच जात होती, आणि पुढच्या काही वर्षांत उपासमार आणि रोगराईने सुमारे १० लाख माणसं गेली. त्यामुळे सुपरमार्केटचा बटाटा बियाणं म्हणून लावू नका, सर्टिफाइड, म्हणजे रोगमुक्त म्हणून प्रमाणित बियाणं घ्या, सार्पो मीरासारखी करप्याला दाद न देणारी जात मिळाली तर उत्तमच. तापमान १० अंशांच्या वर आणि हवेत तासन्‌तास ओल असेल तर सावध राहा, तिथलं हवामान खातं तशी वॉर्निंगही देतं. पानांवर काळपट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली की पाला लगेच कापून लांब न्या, आणि बटाटे दोन-तीन आठवड्यांनीच काढा, घाई केली तर पाल्यावरची बुरशी कंदांना लागते.

कॉम्फ्री नावाच्या औषधी झाडाचा पाला तिथे मोडलेल्या हाडावर, मुरगळल्यावर बांधायचे, पण जुना उपाय म्हणून त्याचा चहा अजिबात पिऊ नका, लिव्हरला घातक असतो, आणि उघड्या जखमेवरही लावू नका. त्यापेक्षा तो पाला एक दिवस सुकवून बटाट्याखाली घाला, पालाश मिळतो.