गोल्फ कार्ट चालवताना या चुका टाळा: फ्लोरिडातल्या निवृत्त मंडळींसाठी

फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'सारख्या निवृत्तांच्या वसाहतीत गोल्फ कार्ट खेळापुरती राहत नाही. भाजी आणायला, डॉक्टरांकडे, पोहायला, संध्याकाळी चौकात गाणी ऐकायला, सगळीकडे कार्टनेच जायचं. तिथे कार्टसाठी शंभराहून अधिक मैलांचे मार्ग आहेत, महामार्ग ओलांडायला खास पूल आणि खालून जाणारे बोगदे आहेत. रोजच्या वापरामुळे कार्टची भीती मोडते आणि चुका तिथूनच सुरू होतात. कार्टला दारं नाहीत, एअरबॅग नाही, बहुतेक कार्टना पुढच्या चाकांना ब्रेकही नाहीत. त्यामुळे मोटार चालवण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

डावं वळण वेगात घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल. कार्टवर गंभीर दुखापत व्हायला दुसरी गाडी धडकावीच लागते असं नाही. माणूस चालत्या कार्टमधून बाहेर पडतो आणि डोकं रस्त्यावर आपटतं. बहुतेक वेळा पडतो तो शेजारी बसलेला.

कारण साधं आहे. चालक डावीकडे बसतो आणि त्याच्या हातात स्टिअरिंग असतं. कार्ट डावीकडे वळली की दोघांचंही अंग उजवीकडे फेकलं जातं. चालकाला धरायला चाक आहे, शिवाय त्याच्या उजवीकडे माणूस आहे. शेजारच्याच्या उजवीकडे उघडी बाजू आणि सीटच्या कडेला कमरेइतक्या उंचीचा एक दांडा. तो दांडा कंबर अडवतो, धड अडवत नाही. वरचं अंग त्याच्यावरून कलंडतं आणि माणूस डोक्यावर पडतो.

हिशेब करून बघा. २० फूट त्रिज्येचं वळण ताशी १२ मैल वेगाने घेतलं, तर अंगावर बाजूने येणारा जोर वजनाच्या जवळपास निम्मा असतो. ७० किलोच्या माणसाला कुणीतरी ३४ किलोच्या जोराने बाहेर ढकलावं, तसा. तेच वळण ताशी ६ मैलांनी घेतलं तर हा जोर साडेआठ किलोवर येतो. वेग निम्मा, जोर पाव. आता डोळ्यांसमोर आणा: पॉटलकला (प्रत्येकाने घरून पदार्थ न्यायच्या जेवणाला) निघालात, शेजारी बसलेल्या वहिनींच्या मांडीवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, दोन्ही हात डब्यावर, नजर डब्याच्या झाकणावर. अशा वेळी चालकाने न सांगता चाक डावीकडे फिरवलं, तर त्यांच्याकडे धरायला काहीच नाही.

म्हणून वेग वळणाच्या आधी, कार्ट सरळ असतानाच कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारू नका. वळण्याआधी तोंडाने सांगा, "डावीकडे वळतोय." शेजारच्याने दोन्ही पाय कार्टच्या तळावर सपाट ठेवायचे, उजवा हात कडेच्या दांड्यावर, डावा हात समोरच्या पकडीवर. डबा मागच्या टोपलीत, बंजी (ताणल्या जाणाऱ्या) दोरीने बांधून. आणि यू-टर्न घ्यायचा तर माणूस चालतो त्या वेगाने.

सीटबेल्ट बसवून घ्या. कार्टचं छप्पर उन्हापावसासाठी असतं, कार्ट उलटली तर ते माणसाला वाचवणार नाही, म्हणून काही जण बेल्ट नको म्हणतात. रोजच्या वापरात उलटण्यापेक्षा बाहेर पडण्याचा धोका आधी येतो. आमचं मत बेल्टच्याच बाजूने आहे. मात्र बेल्टचे नट-बोल्ट कार्टच्या सांगाड्याला लागले पाहिजेत. सीटखालच्या लाकडी फळीत स्क्रू मारून बसवलेला बेल्ट झटक्यासरशी उखडून येतो.

उतारावर जोरात ब्रेक मारणं

पुलावरून उतरताना किंवा बोगद्यात शिरताना कार्ट आपोआप वेग घेते. तिथे घाबरून ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर त्यांनाच असतात. चाकं अडकून घसरतात आणि कार्टची शेपूट एका बाजूला फिरते. ओकची पानं, पाइनच्या सुया, नुकताच पडून गेलेला पाऊस, यांत हे आणखी लवकर होतं. उतार लागण्याआधीच वेग कमी करा आणि ब्रेक हलका पण सलग दाबून धरा. शेपूट फिरायला लागलीच तर ब्रेक थोडा सोडा, चाक जायचंय त्या दिशेला सरळ धरा आणि मग पुन्हा हळू दाबा.

ब्रेकची तब्येत महिन्यातून एकदा बघा. मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी १० मैलांवर ब्रेक दाबा. कार्ट एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरमधली हवा मोजा. ती सारखी असूनही ओढ राहिली, तर दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. पेडल पूर्वीपेक्षा खोल जात असेल, तर ब्रेक शू झिजलेत किंवा केबल ताणली गेली आहे. पावसानंतर चारदोन वेळा कुरकुर झाली तर काळजी नको. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज रोज येत असेल, तर कार्ट बाहेर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

किल्ली सुरूच ठेवून उतरणं

विजेवरची कार्ट उभी असताना आवाज करत नाही, त्यामुळे ती सुरू आहे की बंद हे कळत नाही. त्यात बऱ्याच कार्टमध्ये पार्किंग ब्रेक अॅक्सिलरेटर दाबला की आपोआप सुटतो. म्हणजे दुकानात पटकन जाऊन यावं म्हणून तुम्ही किल्ली तशीच ठेवली आणि सीटवरच्या कुत्र्याने खाली उडी मारली, नातवाने पाय टाकला किंवा जड पर्स पेडलवर पडली, तर ब्रेक लावलेला असूनही कार्ट निघते. उतरताना क्रम ठरवून टाका: ब्रेक, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद, किल्ली खिशात. एकाच मॉडेलच्या कितीतरी कार्टना एकच किल्ली लागते, तेव्हा चोरीच्या दृष्टीने स्टिअरिंगचं वेगळं कुलूप असलेलं बरं.

गॅरेजमधून मागे घेताना गिअर रिव्हर्समध्ये टाका आणि आधी बीप ऐका, मगच पाय दाबा. बीप नाही, म्हणजे कार्ट पुढे जाणार आणि समोरच्या फ्रीझरवर आदळणार. बीपर बिघडला असेल तर तो पहिल्यांदा दुरुस्त करा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने चालवा. सपाता घालून चालवू नका, सपातेची कड दोन पेडलांच्या मध्ये अडकते.

राउंडअबाउटमध्ये भारतातली सवय

पुण्या-मुंबईहून भाऊ-वहिनी, आई-बाबा राहायला आले की "जरा चालवून बघतो" असं हमखास होतं. भारतात आपण डावीकडून जातो, चौकातलं वर्तुळ घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि शिरताना उजवीकडे बघतो. अमेरिकेत सगळं उलटं: उजवीकडून जायचं, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरायचं, शिरताना डावीकडे बघायचं, आणि वर्तुळात आधीपासून असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. रिकाम्या रस्त्यावर हे आठवतं. अचानक गाडी समोर आली की हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात. पाहुण्यांना पहिले काही दिवस फक्त आतल्या गल्ल्यांत चालवू द्या. हाताने इशारा करायचा तर इथे डावा हात: सरळ बाहेर म्हणजे डावीकडे, कोपरात वाकवून वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे थांबतोय.

कार्टची पट्टी मोटारींच्या रस्त्याला लागूनच असेल तिथे एक धोका कायम असतो. मोटार तुमच्या डावीकडून पुढे जाते आणि लगेच तुमच्यासमोरून उजवीकडे वळते. तिच्या चालकाला आरशात तुम्ही दिसलेले नसता. म्हणून चौकाजवळ मोटारीच्या बरोबरीने चालू नका, तिच्या मागे राहा. समोरच्या मोटारीमागे तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी २० मैलांवर कार्ट सेकंदाला २९ फूट जाते. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ४४ फूट गेलेच.

आणखी एक सापळा: दोन लेनच्या रस्त्यावर एका लेनमधला भला माणूस थांबतो आणि हात करून "जा" म्हणतो. दुसऱ्या लेनमधल्याने हात केलेला नाही आणि त्याला तुम्ही दिसतही नाही. हात करणाऱ्याचे आभार माना, त्याच्या गाडीच्या नाकापर्यंत या, थांबा, दुसरी लेन डोळ्यांनी बघा.

वेग वाढवून घेणं

फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्ट म्हणजे ताशी २० मैलांपेक्षा जास्त न धावणारी गाडी. कंट्रोलरचं (मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग बदलून ती २४-२५ वर नेली की ती कायद्याने गोल्फ कार्ट राहत नाही. २० ते २५ मैलांच्या गाडीला लो-स्पीड व्हेइकल म्हणतात. तिला नोंदणी, विमा, सीटबेल्ट, हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, विंडशील्ड आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं. ती ३५ मैल किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यावरच चालवता येते. कागदपत्रांइतकीच ब्रेकचीही काळजी करा: २० वरून २५ वर गेल्यास थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ब्रेक मात्र तेच जुने राहतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवायला लर्नर परमिट किंवा लायसन्स लागतं, आणि १८ च्या वरच्याला सरकारी फोटो ओळखपत्र. चौदा वर्षांच्या नातवाला चाक देण्याचे दिवस गेले. सूर्यास्तानंतर कार्ट चालवायची तर स्थानिक प्रशासनाची मुभा आणि दिवे, इंडिकेटर, विंडशील्ड हे सगळं हवं. दारू पिऊन कार्ट चालवली तर मोटारीसारखाच गुन्हा लागतो. साध्या कार्टला विम्याची सक्ती नाही, पण घराचा विमा कुंपणाबाहेरचा अपघात भरून देईलच असं धरून चालू नका. एजंटकडून लेखी घ्या.

लहान मुलं आणि मागची सीट

मागे तोंड करून बसायच्या सीटवर मुलांना मजा वाटते. पण कार्ट झटक्यात निघाली की तिथला माणूस थेट रस्त्याकडे फेकला जातो. त्या सीटवर बेल्ट लावलेला मोठा माणूसच बसवा. पाठ टेकून बसल्यावर ज्या मुलाचे तळवे कार्टच्या तळाला टेकत नाहीत, ते अजून कार्टसाठी लहानच आहे. मांडीवर घेऊन तर नाहीच.

दिसतंय असं समजणं

दुपारच्या उन्हातून बोगद्यात शिरलं की वय झालेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर आणखी. बोगद्याच्या तोंडाशी वेग कमी करा, दिवे लावा, गॉगल काढा. थंडीत कार्टच्या उघड्या बाजूंना लावायची प्लास्टिकची आवरणं ओरखडली की त्यांतून बाजूचं नीट दिसत नाही. पिवळी पडलेली बदला. आवरण बंद करून आत प्रोपेन हीटर लावू नका, कार्बन मोनॉक्साइड साठतो. उन्हाळ्यातल्या दुपारी वीज कडाडायला लागली तर कार्टमध्ये थांबून राहू नका. रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत. इमारतीत किंवा बंद मोटारीत जा.

बॅटरीकडे दुर्लक्ष

रस्ता ओलांडतानाच कार्ट मंदावणं ही सुरक्षेचीच बाब आहे. ४८ व्होल्टच्या लेड-अॅसिड संचाचा पूर्ण चार्जनंतर, काही तास विश्रांती दिल्यावर साधारण ५०.९ व्होल्ट दाब यायला हवा, ४८.४ च्या आसपास असेल तर बॅटरी निम्मी झाली आहे. डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अॅसिड उतू जातं. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील इतकं पाणी चार्जिंगच्या आधीच घाला. ढिल्या टर्मिनलवर (बॅटरीला तार जोडायच्या टोकावर) उष्णता साठून ते टोक वितळतं. काम करताना बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र आणि घड्याळ काढून ठेवा. धातूची बांगडी दोन टर्मिनलना टेकली तर क्षणात लाल होते. डोळ्यांच्या बचावाचा चष्मा घाला, जवळ काडी ओढू नका, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. टायरमधली हवा थंड असताना बहुतेक कार्टसाठी १८ ते २२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). नेमका आकडा पुस्तिकेत बघा, टायरच्या कडेवर लिहिलेला असतो तो कमाल दाब.

पडल्यावर लगेच उठवणं

कुणी पडलंच, तर "लागलं नाही ना?" म्हणत हात धरून उभं करू नका. मान हलू न देता तिथेच राहू द्या, मागून येणाऱ्या कार्ट थांबवा आणि ९११ ला फोन करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर माणूस बोलता-चालता असला तरी त्याला इमर्जन्सी रूममध्ये न्यायलाच हवं. डोक्यात आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसतो. गोळ्यांची नावं आणि मात्रा एका कागदावर लिहून तो कागद कार्टच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, दुसरी प्रत पाकिटात.