तुना हात कोठे शे? धुळ्यात बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या पोरांसाठी

आमच्याकडे नवीन आलेलं पोरगं पहिल्या चार दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतं : टांगलेल्या बॅगवर कधी मारायचं? मीही विचारला होता. मी आलो तो कुस्तीच्या तालमीतून. आजोबा गावोगावच्या यात्रांमधल्या दंगली लढलेले, मला सातवीपासून दंड-बैठकांची सवय. अंगात ताकद होती, आणि बॉक्सिंगला तेवढी पुरते असं मला मनापासून वाटत होतं. सरांनी दोन आठवडे मला बॅगेला हातसुद्धा लावू दिला नाही. उभं राहा, चाल, थांब, परत चाल.

त्या दोन आठवड्यांत माझी कुस्तीची सवय मोडली गेली. पैलवान डोकं पुढे काढून, हात पसरून, वाकून उभा राहतो, कारण त्याला समोरच्याला धरायचं असतं. बॉक्सिंगमध्ये पुढे काढलेलं डोकं म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. उजव्या हाताचा खेळाडू असाल तर डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. पावलं एका रेषेत नकोत, नाहीतर बाजूने नुसता धक्का लागला तरी तोल जातो. मागच्या पायाची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. हनुवटी छातीकडे, कोपरं बरगड्यांना लागून, मुठी गालाच्या हाडापाशी. याला आम्ही गार्ड म्हणतो. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मागे जाताना आधी मागचा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. पाय एकमेकांवरून कधीच जाऊ द्यायचे नाहीत. ऐकायला सोपं आहे, पण दमल्यावरही पाय असेच चालायला मला सहा महिने लागले.

मग जॅब. पुढच्या हाताचा सरळ ठोसा. सर हातांत ठोसे झेलायचे पॅड घेऊन समोर उभे राहिले आणि म्हणाले, मार. मी मारला, आवाज छान आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या दुसऱ्या हातातला पॅड माझ्या डाव्या गालावर बसला. हलकाच. वर अहिराणीत प्रश्न : "तुना हात कोठे शे?" म्हणजे तुझा हात कुठे आहे? माझा हात मारून झाल्यावर कमरेकडे उतरला होता. त्या सकाळी तो पॅड माझ्या गालावर कितीदा बसला ते मोजलं नाही, पण ती गोष्ट मला तिथेच कळली. ठोसा लागला की काम संपत नाही, हात गालापाशी परत आला की संपतं. जॅब ज्या रेषेत गेला त्याच रेषेत आणि जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने परत आला पाहिजे. तो खाली पडून आला की डावा गाल उघडा राहतो, आणि जाणता प्रतिस्पर्धी नेमक्या त्या जागेतून उजवा हात घालतो. मी नव्या पोरांना आजही याच कसोटीवर पाहतो. कोण किती जोरात मारतो ते मला नंतर बघायचं असतं.

परत आणण्याचा दुसरा फायदा जोराचाच आहे. हात पटकन मागे आला तर पुढचा ठोसा पटकन निघतो. डावा मागे ओढताना कंबर वळते आणि उजवा आपोआप सुटतो. हाच 'एक-दोन' : जॅब आणि क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा. क्रॉसचा जोर दंडात नसतो, तो जमिनीतून येतो. मागच्या पायाचा चवडा वळतो, टाच बाहेर फिरते, मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी मूठ. टाच जमिनीला चिकटलेली असेल तर कितीही दंड फुगवा, ठोसा हाताचाच राहतो. मूठ शेवटच्या क्षणी आवळायची, त्याआधी हात सैल. मारताना श्वास नाकातून फुसकन सोडायचा. श्वास रोखून मारणारा दुसऱ्या राउंडमध्ये दमलेला दिसतो. हुक म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, त्यात कोपर साधारण काटकोनात राहतं, कंबर वळते आणि हात तिच्याबरोबर जातो. अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, गुडघ्यातून उठतो. हे दोन्ही पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकूच नका असं माझं मत आहे. सरळ ठोसे पक्के नसताना हुक शिकणारी पोरं आयुष्यभर हात लांबून फिरवत राहतात.

आता हाताच्या पट्टीबद्दल, कारण इथे माझं नुकसान झालंय. पट्टी साडेचार मीटरची असते आणि ती नीट बांधायला दोन्ही हातांची मिळून पाच-सात मिनिटं जातात. मनगटाला तीन वेढे, तळहाताला तीन, मग बोटांच्या मधून, मग पुन्हा मनगट. एका सकाळी उशीर झाला म्हणून मी नुसते चार वेढे मारले आणि जड बॅगेवर हुक मारत सुटलो. बॅग झुलत आली, मूठ वाकडी बसली, आणि करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडलं. प्लास्टर, मग बोटं मोकळी करण्याचे व्यायाम, असे दोन-अडीच महिने गेले. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे, मनगट आणि हाताचा पुढचा भाग एका रेषेत. करंगळीकडच्या बाजूने मारलं की नेमकं हेच हाड जातं.

व्यायामाचं गणित लढतीच्या वेळेवरून बांधा. हौशी बॉक्सिंगमध्ये मोठ्या गटात, मुलगे आणि मुली दोघांनाही, तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असते. म्हणून सरावही तीन मिनिटं काम, एक मिनिट आराम असाच. आमचा साधा दिवस असा : तीन राउंड दोरीच्या उड्या, तीन राउंड आरशासमोर शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे), चार राउंड बॅग, दोन राउंड पॅड, शेवटी पोटाचे आणि मानेचे व्यायाम. शॅडोला नवीन पोरं टाळाटाळ करतात, मोबाईलकडे बघत हात हलवतात. खरं तर चुका तिथेच सापडतात, कारण समोर मार लागण्याची भीती नसते आणि आरशात हात परत येतोय का ते दिसतं. बॅगवर तीन मिनिटं सलग धुमसण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाडा : तीन-चार ठोसे, लगेच गार्ड, बाजूला सरका, पुन्हा.

धावणं आठवड्यातून तीन-चार दिवस. आम्ही कधी पांझरेच्या काठाने पळतो, कधी लळिंग किल्ल्याच्या चढावर. चढ चांगला, कारण तिथे गुडघ्यांवर कमी आपटतं आणि दम जास्त लागतो. लांब पळण्याबरोबर दोनशे मीटरचे जोरात पळायचे तुकडेही हवेत, लढतीतला दम तिथे तयार होतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळिसच्या वर जातो, तेव्हा सगळा सराव सकाळी सातच्या आत उरका. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची थंडी हाडात शिरते, तेव्हा अंग गरम व्हायला वीस मिनिटं द्या. थंड खांद्याने जोरात क्रॉस मारू नका.

स्पॅरिंग, म्हणजे समोर खरा खेळाडू घेऊन सरावाची लढत, कधी सुरू करायचं? मी एका ठिकाणी, इथे येण्याआधी, दुसऱ्याच आठवड्यात माझ्याहून दहा किलो जड मुलासमोर उभा केलो गेलो होतो. 'भीती मोडायची' हे कारण सांगितलं होतं. भीती मोडली नाही, उलट ठोसा येताना डोळे मिटायची सवय लागली, आणि ती घालवायला वर्ष गेलं. किमान तीन महिने पाया घाला. मग आधी फक्त जॅबचं स्पॅरिंग, निम्म्या जोरात, आपल्याच वजनाच्या मुलाशी. सोळा औंसचे ग्लोव्ह्ज, टीथगार्ड, हेडगार्ड, जांघेसाठी सेंटर गार्ड. मोठ्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय लढतींतून 2013 साली हेडगार्ड काढलं गेलं, ते पाहून पोरं आम्हालाही नको म्हणतात. तुम्हाला हवं. मात्र हेडगार्डने कापणं-सुजणं कमी होतं, मेंदूला बसणारा झटका थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना किंवा आठवणीत गोंधळ झाला, तर त्या दिवशी पुन्हा रिंगणात जायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. सरांना सांगायला लाजू नका. सांगितल्यावर हसणारा प्रशिक्षक असेल तर ती जागा सोडा.

डावपेचांबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायला आवडतं. पहिल्या राउंडचा पहिला मिनिट जिंकायला घाई करू नका, प्रश्न विचारा. जॅब दाखवला की तो काय करतो? मागे सरकतो, हात वर घेतो, की डोकं डावीकडे नेतो? दोनदा तेच केलं तर तिसऱ्यांदाही तो तेच करेल. मग जॅबचा नुसता खांदा हलवा आणि तो जिथे जाणार तिथे उजवा पाठवा. उंच मुलाशी लढताना डोक्यावर उड्या मारत बसू नका. जॅब पोटावर मारा, गुडघे वाकवून, डोळे त्याच्या छातीवर ठेवून. दोन-तीन पोटावर बसले की त्याची कोपरं खाली येतात आणि वरचा रस्ता उघडतो. डावखुरा समोर आला तर तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवा, म्हणजे तुमचा क्रॉस सरळ जातो आणि त्याचा डावा तुमच्यापासून लांब राहतो. पळणाऱ्याच्या मागे मागे धावू नका, त्याचा पुढचा कोपरा तिरका चालून अडवा.

पंच पाच असतात आणि प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला 10 गुण देतात, हरणाऱ्याला बहुतेकदा 9. गाठींच्या भागाने, डोक्याच्या किंवा धडाच्या समोर आणि बाजूला नीट बसलेले ठोसेच धरले जातात. उघड्या ग्लोव्हने मारलेल्या थापेचं काही मिळत नाही, उलट ताकीद मिळते. विभागीय स्पर्धेत मी पहिला राउंड घेतला होता. दुसऱ्यात दमलो, डावा हात परत यायचा थांबला, आणि समोरच्या मुलाने त्याच रिकाम्या जागेतून तीनदा उजवा घातला. कोपऱ्यात बसलो तेव्हा सरांनी पाणी दिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तिसरा राउंड मी चांगला लढलो, पण बाउट गेली होती.

वजनाचं थोडक्यात. स्पर्धेत ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन होतं. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून वजन उतरवणं आपल्या उन्हाळ्यात सरळ धोक्याचं आहे. दोन महिने आधी हळूहळू उतरवा, नाहीतर वरच्या गटात लढा. खाणं घरचंच पुरतं : कळण्याची भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, आणि केळी तर खानदेशात दारात आहेत. शेवभाजीचा झणझणीत रस्सा सरावाआधी मात्र नको.

यातून पुढे काय, हे आई-वडील विचारतात, आणि विचारणं बरोबर आहे. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा चढत जातात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचा कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. पोलीस, रेल्वे, सैन्यदल इथे बॉक्सरना जागा आहे, पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, आणि प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा. विजेंदर सिंगने 2008 साली बीजिंगला पदक घेतलं तेव्हा हरियाणातल्या भिवानीचं नाव घरोघरी पोचलं. तेही मोठं महानगर नाहीच. तरीही अभ्यास सोडून इकडे येऊ नका. आमच्याकडची जी पोरं टिकली, ती दोन्ही करणारी होती.

पहिल्या दिवशी पट्टीच्या दोन जोड्या आणा, एक घामाने भिजते. नखं कापून या, अंगठी-कडं घरी ठेवा, पाण्याची बाटली स्वतःची. ग्लोव्ह्ज लगेच विकत घेऊ नका, महिनाभर इथले वापरा आणि मग आपल्या मापाचे घ्या. सव्वापाचला गेट उघडतं.