दुरुस्तीला आलेली स्वस्त जुनी गाडी घ्यावी की सोडावी, हे कसे ठरवावे

ओळखीतून निरोप येतो की अमक्यांची वॅगन-आर विकायची आहे, लाखाच्या आत मिळेल, थोडेफार काम निघेल पण इंजिन चांगले आहे. ज्या घराला नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नाही आणि पावसाळ्यात दोन मुलांना दुचाकीवर पुढे-मागे बसवून शाळेत सोडावे लागते, त्या घराला हा निरोप मोठा आधार वाटतो, आणि गाडी नीट पारखून घेतली तर तो आधार खराही ठरतो. सगळी अडचण ‘थोडेफार काम’ या दोन शब्दांत असते. त्या कामाची रुपयांतली किंमत कागदावर उतरवल्याखेरीज गाडी स्वस्त की महाग हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी वही-पेन घेऊन बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वहीत लिहायचा पहिला आकडा विकणाऱ्याच्या तोंडचा नसावा. तेच मॉडेल, त्याच सालचे, कोणतेही काम न काढता उद्या सकाळी घेऊन गावाला निघता येईल अशा स्थितीत आपल्या भागात कितीला विकले जाते, हे आधी शोधावे. समजा, २०१२ ची अशी पेट्रोल वॅगन-आर १,६०,००० रुपयांना मिळते आणि समोरची दुरुस्तीची गाडी ९५,००० रुपयांना सांगितली आहे. आपल्या मेकॅनिकने गाडी पाहून चार टायर १४,०००, क्लच सेट मजुरीसह ८,०००, पुढचे शॉकअप, लोअर आर्म आणि बुश मिळून ११,०००, बॅटरी ४,५०० आणि एसीचा कॉम्प्रेसर १६,००० असा अंदाज लिहून दिला, तर बेरीज ५३,५०० होते. जुनी गाडी एकदा खोलली की आतून आणखी काही ना काही निघतेच, त्यासाठी या बेरजेवर तीस टक्के, म्हणजे सुमारे १६,००० रुपये वाढवावेत. आता दुरुस्ती ७०,००० च्या घरात गेली आणि ‘स्वस्त’ गाडी १,६५,००० रुपयांना पडली, म्हणजे चांगल्या स्थितीतल्या गाडीपेक्षा पाच हजारांनी महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. शहराप्रमाणे आणि गॅरेजप्रमाणे हे आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत बदलत नाही. विमा आणि नावावर करण्याचा खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच येतो, तेव्हा तो या तुलनेत धरू नये.

याच हिशोबातून द्यायची किंमतही निघते. १,६०,००० मधून ७०,००० वजा केले की ९०,००० उरतात, पण त्या किमतीला आपल्या पदरात काहीच पडत नाही; दोन आठवडे गॅरेजच्या फेऱ्या मारायच्या, एकेका पार्टसाठी थांबायचे आणि जोखीमही आपणच घ्यायची. म्हणून माझ्या मते अशा गाडीला ७५,००० ते ८०,००० च्या वर जाऊ नये, आणि हा आकडा गाडी पाहण्याआधीच घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावा, कारण गाडीत बसून स्टेअरिंग हातात आले की आकडे आपोआप सैल होतात.

दुरुस्तीच्या यादीतल्या सगळ्याच ओळी एका तोलाच्या नसतात. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक पॅड, शॉकअप, व्हील बेअरिंग, सायलेन्सर हे झिजणारे भाग आहेत. त्यांची किंमत ठरलेली असते, बदलले की विषय संपतो, आणि भाव पाडायला याच भागांचा उपयोग होतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्याचे काम मात्र खोलल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तिथे मेकॅनिकने सांगितलेली कमीतकमी रक्कम न धरता जास्तीत जास्त रक्कम धरावी आणि तरीही हिशोब बसत असेल तरच पुढे जावे. तिसरा प्रकार पाण्यात बुडालेल्या, सांगाडा वाकलेल्या, तळापर्यंत गंजलेल्या आणि कागदपत्रांत गुंता असलेल्या गाड्यांचा. यांना कोणतीही किंमत जास्तच असते असे समजून नमस्कार करून परत यावे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. बॉनेट गरम लागले तर थंड इंजिनाचा दोष झाकला जात असण्याची शक्यता आहे. सुरू करण्यापूर्वी ऑइल भरण्याचे झाकण उघडून उलटे करावे. आत दुधाळ कॉफीसारखा चिकट थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी जात आहे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट, इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील, गेले आहे. (फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला पावसाळ्यात असा पातळ थर दमटपणामुळेही येतो, म्हणून ऑइल मोजायच्या पट्टीवरचे, म्हणजे डिपस्टिकवरचे, ऑइल आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, टाकी पाहून खात्री करावी.) चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दोष लपवण्यासाठी दिवाच काढलेला असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते, म्हणजे रिंग-पिस्टनचे किंवा व्हॉल्व्ह सीलचे काम समोर उभे आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळत आहे.

क्लच तपासण्यासाठी सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, पुनःपुन्हा घेतल्यास चांगली प्लेटही जळते. त्यानंतर किमान दहा-बारा किलोमीटर गाडी चालवावी, त्यात एखादा चढ आणि थोडा खराब रस्ता असावा, आणि वाटेत गाणी लावू देऊ नयेत. टायरच्या बाजूवर चार आकडे एका लंबगोलात छापलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसत असली तरी इतका जुना टायर बदलायच्या यादीत लिहावा.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे साधी, प्रामाणिक माणसे फसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पुरात सापडलेली गाडी धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरे घालून दूरच्या शहरात विकली जाऊ शकते. माझ्या आतेभावासाठी आम्ही पुण्यात अशीच एक हॅचबॅक पाहायला गेलो होतो. बाहेरून गाडी झकास होती आणि आत सुवासिक फवारा मारलेला होता. मी मागच्या सीटचा पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. रिळातून क्वचितच बाहेर येणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर तांबूस गाळाची सरळ रेघ होती आणि तिच्याखालचा पट्टा कडक झालेला होता. मग डिकीतले स्टेपनी टायर उचलले, तर खोबणीत बोटाला लागेल इतकी बारीक माती निघाली आणि पुढच्या सीटखालचे रूळ गंजलेले दिसले. एजंटने गाडी फक्त धुताना भिजल्याचे सांगितले. आम्ही काही न बोलता परत आलो. अशा गाडीचे इंजिन आज चालतेही, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढची दोन-तीन वर्षे एकेक सेन्सर खात राहतो आणि कोणताही मेकॅनिक त्याचा शेवट सांगू शकत नाही.

समुद्राकाठी वापरलेल्या गाडीच्या पत्र्याकडेही असेच लक्ष द्यावे. खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा दरवाजांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत आणि पायाखालच्या मॅटच्या तळाशी आधी सडतो. रबरी मॅट उचलून अंगठ्याने दाबून पाहावे आणि दारांवर साधे लोहचुंबक फिरवावे. पुट्टी भरलेल्या ठिकाणी ते चिकटत नाही. अपघात ओळखायला बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट पाहावेत. त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडला असेल तर ते कधीतरी खोलले गेले आहेत. तेवढ्याने गाडी नाकारायची गरज नाही, पण चेसिस लेगवर (बॉनेटखालच्या सांगाड्याच्या दांड्यांवर) किंवा पिलरवर (छत पेलणाऱ्या खांबांवर) वेल्डिंग दिसले तर मात्र नाकारावी.

कोणते मॉडेल आहे यावर दुरुस्तीची निम्मी कथा ठरते. जुनी मारुती किंवा जुनी सँट्रो तालुक्याच्या गावातही दुरुस्त होते आणि तिचे सुटे भाग अनेक पर्यायांत मिळतात. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या कंपन्यांच्या गाड्या याच कारणाने स्वस्त मिळतात, आणि त्या घ्यायच्या असतील तर हवे असलेले पार्ट आपल्या गावात कोण आणून देईल हे दुकानदाराला फोन करून आधी विचारावे. सँट्रोसारख्या गाडीत इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदलायचाच आहे असे धरून यादीत घालावा, कारण तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. के-सिरीज इंजिनाच्या वॅगन-आरमध्ये चेन असल्याने हा खर्च येत नाही. डिझेल गाडीचा इंजेक्टर, टर्बो आणि हाय प्रेशर पंप हे तीन शब्द मोठ्या रकमांचे आहेत, त्यामुळे महिन्याला भरपूर फिरणे नसेल तर दुरुस्तीला आलेली डिझेल गाडी घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

कागद तपासल्याशिवाय टोकन म्हणून पाचशे रुपयेही देऊ नयेत. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा पाहावा आणि थकलेली चलने वेगळी तपासावीत. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचे नाव असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ विक्रेत्याकडून आधी घ्यावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यापुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि गाडीची तंदुरुस्ती दाखवावी लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे चारचाकीचे शुल्क ५,००० रुपये झाले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणून २०१२ ची गाडी घेताना २०२७ चा खर्च आजच वहीत लिहावा. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडर चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. दिल्लीत जुन्या गाड्यांवर घातलेल्या वयाच्या मर्यादेमुळे तिकडच्या गाड्या इकडे आकर्षक भावात येतात, पण तिथली एनओसी, इथला कर आणि एमएच क्रमांक हा सगळा खर्च व वेळ धरूनच त्यांची तुलना करावी.

हिशोब बसला तरी काही घरांनी ही गाडी घेऊ नये असे मला मनापासून वाटते. ज्यांना गाडी रोज सकाळी ठरल्या वेळी लागते, उदाहरणार्थ घरात डायलिसिसला नेण्याचा रुग्ण आहे, त्यांनी गॅरेजमध्ये अडकणारी गाडी गळ्यात घेऊ नये. ज्यांची सगळी बचत खरेदीतच संपते आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढावे लागते, त्यांनी सहा महिने थांबून चांगल्या स्थितीतलीच गाडी पाहावी. ज्यांच्याकडे पर्यायी दुचाकी आहे, विश्वासाचा मेकॅनिक आहे आणि दुरुस्तीची रक्कम बाजूला काढलेली आहे, त्यांच्यासाठी मात्र हा खरोखर चांगला सौदा ठरू शकतो.

सौदा ठरला तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या त्याच दिवशी कराव्यात आणि अर्ज विक्रेत्यासमोरच ऑनलाइन भरावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवावे. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, तो किमतीत धरू नये. पूर्ण रक्कम बँकेतून द्यावी, आणि शक्य असेल तर दहा हजार रुपये आरसीवर आपले नाव येईपर्यंत मागे ठेवण्याचे लेखी ठरवावे. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, त्यानंतर ब्रेक आणि टायर यांचे काम करावे आणि एसी शेवटी. महिनाभर दर रविवारी सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची पातळी पाहून त्याच वहीत लिहीत जावे, म्हणजे एखादी गळती असेल तर ती इंजिन तापायच्या आधीच आकड्यांत दिसेल.