मंद वाऱ्यातील काईटबोर्डिंग : आधी दोऱ्या मोजाव्यात

काईटबोर्डिंगमध्ये, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळात, मंद वाऱ्यात काईट डोक्यावरून मागे मागे सरकत अखेर पाण्यावर कोसळतो, तेव्हा बहुतेक जण वाऱ्याला बोल लावतात. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा मागच्या दोऱ्यांच्या लांबीत सापडतो. काईटला हातातल्या दांड्याशी, म्हणजे बारशी, जोडणाऱ्या चारही दोऱ्या (दोन पुढच्या, दोन मागच्या) नव्या असताना सारख्या असल्या, तरी भाराचा मोठा वाटा पुढच्या दोन दोऱ्या पेलतात. त्यामुळे त्या वापरागणिक ताणल्या जातात आणि मागच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात. मग बार लांब सोडला तरी काईटची मागची कड ओढलेलीच राहते आणि तो पुढे उडण्याऐवजी मागे बसतो.

कोल्हापुरात समुद्र नाही आणि रंकाळ्यावरची झुळूक फार तर भेळेचा कागद उडवण्याइतकी. पण दोऱ्या मोजायला समुद्र लागतच नाही. दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर लांब असतात, तेव्हा तेवढी मोकळी जागा पाहून, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, काईटकडची चारही टोके झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या एकाच कडीत अडकवावीत. ट्रिमचा पट्टा (पुढच्या दोऱ्यांची लांबी कमीजास्त करणारा) पूर्ण सैल सोडावा, बार पूर्ण आपल्याकडे ओढावा आणि मागे रेलून अंगाचा भार द्यावा. हलक्या हाताने ओढून मोजल्यामुळे माझा एकदा सगळा हिशेब चुकला होता. चारही दोऱ्या सारख्याच ताठ होऊन बार सरळ राहिला, तर काही करायचे नाही. पुढच्या दोऱ्या ढिल्या लोंबत असतील, तर मागच्या दोऱ्यांचे फास बारजवळच्या, गाठी मारलेल्या छोट्या जोडदोरीवर एक गाठ बाहेरच्या बाजूला (बारपासून दूर) सरकवावेत. दोन्ही बाजूंना सारखेच, आणि एका वेळी एकच गाठ. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास तेच मानावे.

पाण्यावर बार सतत पोटाशी ओढून धरणे ही दुसरी खोड. काईटची ओढ त्याला लागणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. म्हणून मंद वाऱ्यात काईट एका जागी उभा न ठेवता आडव्या आठाच्या आकारात फिरवत राहावा (हा आठ इंग्रजी, आपला देवनागरी ८ नव्हे). खाली झेपावताना बार किंचित सोडावा, वेग आल्यावर ओढावा. काईट मागे पडू लागला, की हात आखडण्याची ऊर्मी आवरून बार लगेच दूर ढकलावा. तरीही दोऱ्या सैल पडल्या, तर पुढच्या दोऱ्या हाताने झपाझप ओढून ताण आणावा. त्या हाताला गुंडाळू मात्र कधीही नयेत.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी अनेकदा जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. तो कितीही मंद असला तरी काईट पडल्यास माणसाला आत नेतो, म्हणून त्यात उतरू नये. समुद्राकडून येणारा वारा सहसा दुपारी धरतो. तेव्हा पहाटे मोजणी उरकून, न्याहारी करून गगनबावड्याचा घाट उतरला तरी चालते.