जुन्या ड्रमच्या पोटात काय बघायचं

गेल्या श्रावणात कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एका बँडवाल्याच्या माळ्यावरनं साइड ड्रम माझ्याकडं आला. वरनं निळा ऑइलपेंट, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बँडचं नाव, आणि बाजूला लुडविग या अमेरिकन कंपनीचा बिल्ला. घेऊन आलेला पोरगा खूश होता. "काका, अमेरिकन हाय, किती येतील?" मी खालचं कडं, म्हणजे चाम दाबून धरणारी गोल पट्टी, सोडवलं, आत टॉर्च मारला आणि सांगितलं, बाळा, ड्रम जपानी आहे. बिल्ला दुसऱ्या ड्रमचा आहे.

मी चौतीस वर्षं उद्यमनगरात टूलरूमला काढली. चुलते ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे, त्यांचा सेट दुरुस्त करता करता हा नाद लागला. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे: नाव वरच्या बिल्ल्यावर असतं, पण कारखाना आतून कळतो.

आधी सामान जमवा. ड्रमची चावी, टॉर्च, व्हर्नियर, थ्रेड गेज (बोल्टाचे आटे मोजायची दातेरी पाती), लोहचुंबक. उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, आणि कुठला बोल्ट कुठल्या लगातला (लग म्हणजे ड्रमच्या अंगावरचा, बोल्ट धरणारा धातूचा तुकडा) हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पन्नास वर्षं एका जागी बसलेला बोल्ट दुसऱ्या लगात नीट बसेलच असं नाही.

चाम काढलं की शेलच्या, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाच्या, काठाकडं बघा. थर मोजता येतात. आतल्या बाजूला वर-खाली जाड लाकडी रिंग आहे का, हा पहिला प्रश्न. लुडविगचे शेल १९७६ च्या सुमारापर्यंत तीन थरांचे आणि रिंगवाले होते, त्यानंतर सहा थरांचे बिनरिंगचे झाले. साठच्या दशकातल्या बऱ्याच लुडविगच्या आत करड्या ठिपक्यांचा रंग असतो, आणि नशीब असेल तर लाल शाईतला तारखेचा शिक्काही सापडतो. त्या काळातल्या ग्रेच या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या शेलला रिंग नसते आणि आत चंदेरी रंग मारलेला असतो. हा रंग एकदा बघितला की विसरत नाही. ग्रेचच्या काठाचा उतार ३० अंशांचा. बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) असेल तर लावून बघा.

इंग्लंडच्या लेस्टरमधला प्रीमियर माझ्या हातात सगळ्यात जास्त वेळा आला आहे. बर्चचा पातळ शेल, त्याला बीचच्या रिंगा, आणि क्रोम इतकं जाड की आपल्या पावसाळ्यातही टिकलेलं. जुन्या प्रीमियरच्या टॉमवर (सेटमधल्या छोट्या ड्रमवर) आजचं चाम अनेकदा बसत नाही, कारण मापात किंचित फरक आहे. चाम चढत नाही म्हणून शेल वाकडा झाला असं समजून काठ घासणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. आधी व्यास मोजा.

जपानी शेल ओळखायला सोपा. साठच्या दशकात तिथनं डझनावारी नावांनी ड्रम बाहेर गेले, आणि त्यातल्या पुष्कळांचा शेल लुआन लाकडाचा: तांबूस, खरखरीत, छिद्रं उघडी राहिलेली. बोट फिरवलं तर कपाटाच्या मागच्या प्लायवूडची आठवण होते. वरचे लग मात्र अमेरिकन नमुन्यांची नक्कल असतात. फसायला होतं ते इथंच.

आता धातू. यात माझा जीव जास्त रमतो. कडं हातात घ्या. ओतीव कडं जड आणि जाड लागतं, पत्रा वळवून केलेलं हलकं. ग्रेच आणि प्रीमियरवर ओतीव कडी सापडतात. पत्र्याच्या कड्याची वरची कड बाहेर न वळता आत वळली असेल, तर शिकागोच्या स्लिंगरलँडचा विचार करा. काठी लवकर खराब होऊ नये म्हणून त्यांनी तशी कडी केली. रॉजर्सच्या जुन्या पितळी पत्र्याच्या लगांना तडे जायचे. म्हणून पुढं त्यांनी ओतीव लग आणले, बीव्हर प्राण्याच्या शेपटीसारखे चपटे निमुळते. तडा गेलेला लग दिसला म्हणून ड्रम टाकून देऊ नका, त्या तड्यावरनंच कारखाना आणि काळ दोन्ही कळतात.

शेलच धातूचा असेल तर चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं, तर पितळ की ॲल्युमिनियम हे उचलल्यावर कळतं. लुडविगचा दहा लगांचा सुप्राफोनिक नावाचा साइड ड्रम ॲल्युमिनियमचा, वर क्रोम. त्या क्रोमला फोड येतात. पॉलिश करून ते जात नाहीत, जास्त घासलं तर पापुद्रा सुटतो.

बोल्टाचे आटे तर मोजाच. अमेरिकन ड्रमचा ताणबोल्ट १२-२४ मापाचा असतो, म्हणजे इंचाला २४ आटे आणि जाडी साधारण ५.५ मिलिमीटर. जर्मन सोनॉरचा ६ मिलिमीटरचा, आणि जुन्या सोनॉरच्या बोल्टाला चौकोनी डोक्याऐवजी स्क्रूड्रायव्हरची खाच. इथं नुसत्या गेजवर विसंबू नका. इंचाला २४ म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०६ मिलिमीटर, सहा मिलीच्या बोल्टाचा १. आखूड बोल्टावर गेजची दोन्ही पाती बसल्यासारखी वाटतात. व्हर्नियरनं जाडी घ्या, मग शंका उरत नाही.

देशी बनावटीचे ड्रम मला वाळूत ओतलेल्या पितळी हुकांवरनं कळतात. कानशीचे ओरखडे दिसतात, दोन लगांमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं भरतं. त्यांना कमी लेखू नका. हातानं केलेल्या कामाची ती खूण आहे, आणि लग्नाच्या वरातीत चाळीस चाळीस वर्षं टिकलेले असे ड्रम मी बघितले आहेत.

वरचा ऑइलपेंट काढायची घाई नको. खाली मोत्याच्या चमकेचं जुनं प्लास्टिक असू शकतं, आणि थिनरनं ते विरघळतं. दिसत नसलेल्या जागी अंगठ्यानं जोरात चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. ते झटक्यात पेट घेतं, त्यामुळं काडीपेटी लांब ठेवा.

बिल्ला सगळ्यात शेवटी. लुडविगचा बिल्ला हवेच्या भोकात पोकळ रिव्हेटनं बसवलेला असतो. पोराच्या ड्रमवर तो गोंदानं चिकटवलेला होता, आणि हवेचं भोक भलतीकडंच. बिल्ला मात्र खरा होता. पितळी, वर नंबर ठोकलेला, म्हणजे साधारण १९६३ नंतरचा आणि सत्तरच्या आधीचा.

मग तो ज्या ड्रमवरनं काढला, तो कोल्हापुरात कुठंतरी असणार. तीन थर, आत रिंगा, आणि हवेचं भोक उघडं पडलेलं. पोराचा आजा ऐंशीच्या आसपास शाहूपुरीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं सामान घ्यायचा, एवढा धागा मिळाला आहे. बिल्ला मी कागदात गुंडाळून पोराकडंच दिला आहे. तुमच्या माळ्यावर बिनबिल्ल्याचा ड्रम असेल, तर आज संध्याकाळी एकदा आत टॉर्च मारून बघा.