मक्याला नत्र: कोणती गोणी, कधी आणि कुठे

सिल्लोड, कन्नड, भोकरदन भागातल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास. अशा रानात वरून फेकलेला युरिया विरघळला की अमोनिया होऊन हवेत उडतो. पाऊस नसेल आणि जमीन नुसती ओलसर असेल, तर जास्तच. मग मका पिवळा दिसतो आणि दोष गोणीला लागतो.

खरीप मक्याला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र धरा. ते १६-१६ किलोच्या तीन सारख्या हप्त्यांत द्या: पेरणीला, ३० दिवसांनी आणि ४० ते ४५ दिवसांनी.

पेरणीला १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) च्या ५० किलोच्या दोन गोण्या टाकल्या की स्फुरद-पालाश भागते, पण नत्र १० किलोच मिळते. उरलेल्या ६ किलोसाठी अमोनियम सल्फेट ३० किलो घ्या. त्यातून गंधकही मिळते, आणि दाण्यातली प्रथिने बनायला गंधक लागतेच. खत बियाण्याच्या बाजूला व खाली ५ सेंमीवर पडले पाहिजे. युरिया बियाण्यालगत पडला तर उगवण मार खाते.

पुढच्या दोन्ही हप्त्यांना युरिया परवडतो, दर वेळी एकरी ३५ किलो. वाफसा असताना, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, ओळीपासून चार बोटे अंतरावर द्या आणि लगेच कोळप्याने झाका. पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) युरियाचे दाणे पडू देऊ नका, पाने करपतात. अमोनियम सल्फेट उडत नाही असा समज आहे; चुनखडीच्या रानात तेही उडते, त्यामुळे झाकण्याला सूट नाही. तेवढ्याच नत्रासाठी ते ७८ किलो लागते आणि महाग पडते. दर हप्त्याला तेच वापरण्यात अर्थ नाही.

दुसरा हप्ता लांबवू नका. कणसावर दाण्यांच्या किती ओळी येणार हे मका गुडघ्याएवढा असतानाच ठरून जाते. तिसरा हप्ता तुरा यायच्या आधीचा. तो चुकला तर कणसाचे शेंडे रिकामे राहतात, दाणा पिठूळ आणि हलका भरतो, प्रथिने घटतात. वेळेवर मिळाला तर दाणा कडक, चकचकीत होतो. मात्र नत्राने वाढते ते मुख्यतः झीन, म्हणजे मक्यातले कमी कसाचे प्रथिन. लायसिन, म्हणजे कोंबडीला खाद्यातूनच मिळावे लागणारे अमिनो आम्ल, त्या मानाने वाढत नाही, म्हणून कोंबडीखाद्याच्या दृष्टीने प्रथिनाचा आकडा वाढला तरी मक्याचा कस तेवढा वाढत नाही. तुऱ्यानंतर युरियाचा मारा केला तर ताटे हिरवीच राहतात, दाणा वाळायला वेळ लागतो, आणि १४ टक्क्यांच्या वर ओल निघाली की मोंढ्यात भाव पडतो.

खालच्या पानांवर शेंड्याकडून मधल्या शिरेने आत सरकणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळेपणा ही नत्राची कमतरता. नव्या पानांवर पांढरे पट्टे असतील तर जस्त कमी आहे, तिथे युरिया वाढवून काही होत नाही. पुढच्या वेळी पेरणीआधी झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो द्या, पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको.

पाणी दोन-तीन दिवस साचले तर नत्र वायू होऊन निघून जाते. आधी पाणी काढा. वाफसा येईपर्यंत १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया घालून संध्याकाळी फवारा. पीक तग धरते, पण राहिलेला हप्ता जमिनीतूनच द्यावा लागतो.